टुरिस्ट व्हिसावर जहाजाची नोकरी? ताई, एफडी मोडू नका

पत्र: सप्रेम नमस्कार. आम्ही इंदूरला सुदामानगरात राहतो. धाकटा मुलगा 22 वर्षांचा आहे. बारावीनंतर त्याने मर्चंट नेव्हीचा सहा महिन्यांचा जीपी रेटिंग कोर्स, म्हणजे साध्या खलाशाचा, केला. संस्था सरकारमान्य होती, सीडीसीही, म्हणजे खलाशाची सरकारी ओळखपुस्तिका, हातात आहे. पण दीड वर्ष झालं तरी जहाज मिळत नाही. आता बेलापूरचे एक एजंट म्हणतात, साडेचार लाख द्या, पंधरा दिवसांत दुबईला जहाजावर चढवतो. निम्मे आधी, निम्मे तिकीट आल्यावर. जायचं टुरिस्ट व्हिसावर, पुढचं सगळं ते तिथे करून घेतील. जेवणाचे पैसे दर महिन्याला पगारातून कापले जातील. ह्यांनी वीस हजार टोकन ऑनलाइन पाठवलेसुद्धा आणि आता एफडी मोडायला निघाले आहेत. दीर म्हणतात, या लाइनीत असंच चालतं. मला रात्रीची झोप नाही. तिकडे काही बरंवाईट झालं तर आमचं कोण ऐकणार? संयुक्त राष्ट्रांची जहाजांसाठी एक संस्था आहे म्हणे, तिला पत्र लिहिता येतं का? आणि मुलगा शुद्ध शाकाहारी आहे, त्याच्या जेवणाचं काय? – एक आई

उत्तर:

ताई, एफडी मोडू नका. एजंटने साडेचार लाखांऐवजी चार हजार मागितले असते तरी मी हेच सांगितलं असतं. जहाजावर नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घ्यायला बंदी आहे, भारताच्या नियमांत आणि आंतरराष्ट्रीय करारातही. मॅनिंग एजंटची, म्हणजे जहाजाला खलाशी पुरवणाऱ्याची, फी जहाजाचा मालक देतो. खलाशाने खिशातून भरायचं ते पासपोर्ट, सीडीसी आणि मेडिकल सर्टिफिकेटपुरतं. व्हिसाचा खर्चसुद्धा मालकाचा. सागरी श्रम करार म्हणून जो ओळखला जातो, तो 2006 मध्ये जिनिव्हाला झाला आणि 2013 पासून लागू आहे. त्यात हे सगळं लिहिलेलं आहे. भारताने त्यावर 2015 मध्ये मान्यतेची मोहोर उठवली.

तुमचे दीर खोटं बोलत नाहीत. असं चालतं, आणि पुष्कळ चालतं. रेटिंगचा कोर्स करून जेवढी मुलं बाहेर पडतात तेवढ्या जागा जहाजांवर नाहीत. घरी बसलेल्या मुलाची आणि चारचौघांत तोंड लपवणाऱ्या बापाची घाई, याच भांडवलावर या लोकांचं दुकान उभं असतं. पैसे भरून जहाज मिळालेली मुलंही मी नोकरीच्या काळात पाहिली. त्यांना कसली जहाजं मिळाली होती, तेही पाहिलं. ज्या जहाजावर माणूस सहज जायला तयार होत नाही, तिथली जागा विकली जाते. चांगल्या जहाजावरची जागा विकायची वेळ येत नाही.

पण तुमच्या पत्रातली मला सर्वांत खटकलेली गोष्ट पैशांहूनही टुरिस्ट व्हिसा ही आहे. परवाना असलेली कंपनी मुलाला पाठवते तेव्हा त्याच्या इंडोस नंबरावर, म्हणजे खलाशाच्या सरकारी नोंदणी क्रमांकावर, डीजी शिपिंगच्या संगणकात नोंद होते: जहाज कोणतं, मालक कोण, करार किती महिन्यांचा. डीजी शिपिंग म्हणजे भारत सरकारचं नौवहन महासंचालनालय. 1949 पासून ते आहे आणि आता मुंबईत कांजूरमार्गला आहे. टुरिस्ट व्हिसावर निघालेला मुलगा मात्र सरकारी दफ्तरात दुबई बघायला गेलेला असतो. तिथे उतरल्यावर “जहाज उद्या येतंय” हे वाक्य ऐकत एका खोलीत आठ-दहा मुलं दिवस काढतात. व्हिसा संपला की दंड चढायला लागतो, आणि मग जे पुढे येईल त्या जुन्या टगवर (जहाजं ओढणाऱ्या बोटीवर) किंवा छोट्या टँकरवर निमूट चढावं लागतं. करारपत्र तिथेच, गँगवेवर, म्हणजे जहाजावर चढायच्या शिडीवर, उभं राहून सही करायला पुढे केलं जातं. पगाराचा आकडा बेलापुरात ऐकलेला नसतो.

तुम्ही विचारता, काही झालं तर कोण ऐकणार. ऐकणारे पुष्कळ आहेत, खाली एकेकाचं सांगतोच. पण त्यांतला प्रत्येक जण पहिल्याच फोनवर तीन गोष्टी विचारतो: जहाजाचा आयएमओ नंबर (कायमचा ओळख क्रमांक) काय, करारपत्र कुठे आहे, आणि मुलाला पाठवलं कुणी. याची उत्तरं हातात असतील तर काम त्याच दिवशी सुरू होतं. नसतील तर दार बंद होत नाही, पण तुमचा मुलगा नेमका कुठे आहे हे शोधण्यातच आठवडे जातात. म्हणून ही चौकशी तो इंदूर सोडण्याच्या आधी व्हायला हवी.

एजंटकडे त्याचा आरपीएसएल नंबर मागा. खलाशी भरती करण्याचा हा सरकारी परवाना. मुंबईच्या कंपन्यांचा नंबर आरपीएसएल-एमयूएम असा सुरू होतो. परवान्यासाठी कंपनीला बँक गॅरंटी ठेवावी लागते, आणि खलाशी परदेशात अडकला तर सरकार त्या गॅरंटीवर हात ठेवू शकतं. डीजी शिपिंगच्या वेबसाइटवर परवानाधारकांची यादी आहे, परवाना चालू आहे की निलंबित तेही तिथे कळतं. एवढ्यावर मात्र थांबू नका. खरी लबाडी पुढे असते. एजंट दुसऱ्याच एखाद्या चांगल्या कंपनीचा नंबर देतो, तिच्या लेटरहेडवर ऑफर लेटर छापतो, ईमेलच्या पत्त्यात एखादं अक्षर इकडचं तिकडे करतो. तेव्हा एजंटच्या कागदावरचा फोन नंबर वापरायचाच नाही. यादीत त्या कंपनीचा जो नंबर आहे त्यावर मुलाने स्वतः फोन करावा आणि विचारावं, “माझ्या नावाचं हे पत्र तुम्ही दिलंय का?” बहुतेक वेळा इथेच सोक्षमोक्ष लागतो.

दुसरं, जहाजाचं नाव आणि आयएमओ नंबर. हा सात आकडी नंबर जहाजाला बांधल्यापासून मोडीत निघेपर्यंत एकच राहतो. नाव बदललं, मालक बदलला, झेंडा बदलला तरी तो बदलत नाही. इक्वेसिस नावाची एक फुकट वेबसाइट आहे, तिथे खातं उघडून हा नंबर टाकला की जहाजाचं वय, मालक, विमा आणि कोणत्या बंदरात ते किती वेळा अडकवून ठेवलं होतं, एवढं समोर येतं. “जहाजाचं नाव जॉइनिंगच्या दिवशी कळेल” असं एजंट म्हणाला, तर पुढे बोलण्यासारखं काही उरलं नाही.

तिसरं, करारपत्र. सही करण्याआधी ते वाचायला, समजून घ्यायला आणि कुणाचा सल्ला घ्यायला पुरेसा वेळ मिळणं हा खलाशाचा हक्क आहे, आणि सही झालेली एक प्रत त्याच्याकडे राहायला हवी. त्या प्रतीचा फोटो तुमच्या मोबाइलमध्ये असू द्या. पगार किती, हे मी तुम्हाला सांगू शकणार नाही, कारण शिकाऊ मुलाचा पगार जहाजागणिक बदलतो. पण अंदाजासाठी एक आकडा लक्षात ठेवा: अनुभवी खलाशाचा, ज्याला एबी म्हणतात, 2025 साठी आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरलेला किमान मूळ पगार महिन्याला 673 डॉलर होता. शिकाऊ मुलाला पहिल्याच जहाजावर हजार-बाराशे डॉलर मिळतील असं कुणी सांगत असेल तर त्याला हसून चहा पाजावा आणि निरोप द्यावा.

आता संयुक्त राष्ट्रांच्या त्या संस्थेबद्दल. ती म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटना, आयएमओ, लंडनला टेम्स नदीच्या काठी. तिचा मूळ करार 1948 चा, तो अमलात आला 1958 मध्ये. जहाजावर लाइफबोटी किती असाव्यात, तेल समुद्रात सोडू नये, खलाशाचं शिक्षण किमान किती असावं, हे नियम ती करते. टायटॅनिक 1912 मध्ये बुडाल्यावर 1914 मध्ये सुरक्षिततेचा जो पहिला करार झाला, त्याचीच आजची आवृत्ती ती सांभाळते. तुमच्या मुलाचा कोर्ससुद्धा तिच्याच 1978 च्या प्रशिक्षण करारावर बेतलेला आहे. 1974 ते 1989 या काळात तिचे प्रमुख आपले चंद्रिका प्रसाद श्रीवास्तव होते. त्याआधी त्यांनी शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया उभी केली होती. हे आमच्या पिढीच्या दर्यावर्दींना अजून अभिमानाचं वाटतं, म्हणून सांगितलं. पत्र तुम्ही लिहू शकता, पण एका मुलाचा थकलेला पगार मिळवून देणं आयएमओचं काम नाही. तिच्याकडे इन्स्पेक्टर नाहीत, जहाज अडवायचा अधिकार नाही. ती नियम लिहिते, राबवायचे ते देशांनी.

माणसांचं बघणारी संस्था वेगळी, जिनिव्हाची आंतरराष्ट्रीय कामगार संघटना. सागरी श्रम करार तिचा. दिवसात किमान दहा तास विश्रांती, पगार महिन्याच्या महिन्याला, त्यातला भाग थेट घरी पाठवण्याची सोय, आजारपणाचा खर्च मालकाचा, करार संपल्यावर घरी परतण्याचं तिकीट मालकाचं, हे सगळं तिथून आलं आहे.

मग राबवणारे कोण? आधी जहाजाचा झेंडा ज्या देशाचा तो देश. आपल्या इंदुरात मालक इथला आणि गाडीचं पासिंग भलत्याच राज्याचं, असं असतं ना, जहाजांच्या जगात तो नियमच झाला आहे. मालक ग्रीक, झेंडा पनामाचा, कॅप्टन युक्रेनचा, खलाशी रत्नागिरीचा. पनामा, लायबेरिया, मार्शल बेटं यांच्या झेंड्याखाली जगातल्या जहाजांचा मोठा हिस्सा चालतो, आणि त्यात चांगली जहाजंही भरपूर आहेत, त्यामुळे झेंडा परका दिसला म्हणून दचकू नका. पण काही झेंडे निव्वळ कागदी असतात. त्या देशाला तक्रारीचं पत्र पाठवलं तर उत्तरही येत नाही.

म्हणून दुसरी फळी आहे, बंदराची. जहाज ज्या बंदरात येतं तिथल्या सरकारचा इन्स्पेक्टर वर चढून तपासू शकतो, आणि खोट मोठी असेल तर ते सुटू देत नाही. युरोपातल्या देशांनी 1982 मध्ये पॅरिसला एकत्र येऊन ही पद्धत बसवली, हिंद महासागरातल्या देशांचाही तसा करार आहे आणि त्याचं कार्यालय गोव्यात आहे. खलाशी बंदरातल्या या अधिकाऱ्याकडे थेट तक्रार करू शकतो आणि तक्रार करणाऱ्याचं नाव गुप्त ठेवणं अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. माझ्या अनुभवात जहाजाच्या मालकाला दोनच गोष्टींची भीती वाटते, इंजिन बंद पडण्याची आणि बंदरात अडकून पडण्याची. कारण दोन्हींत रोजचं भाडं बुडतं.

तुमच्यासाठी पहिलं दार अर्थात डीजी शिपिंगचं. मुंबई, चेन्नई आणि कोलकात्याला त्यांचे शिपिंग मास्टर असतात. पगार, भरपाई, करार यांची भांडणं त्यांच्यापुढे जातात. 1958 च्या मर्चंट शिपिंग कायद्याच्या जागी संसदेने 2025 मध्ये नवा कायदा मंजूर केला आहे, पण तक्रार कुठे करायची याचं तुमच्यापुरतं उत्तर तेच राहतं. सरकारी दार आहे, तेव्हा सरकारी वेग गृहीत धरा. ईमेल करा, तक्रारीचा नंबर घ्या, आठ दिवसांनी पुन्हा ईमेल करा.

युनियनकडे मात्र माझा ओढा जास्त आहे, हे कबूल करतो. रेटिंगसाठी नुसी, म्हणजे नॅशनल युनियन ऑफ सीफेअरर्स ऑफ इंडिया, मुंबईत बॅलार्ड इस्टेटला. अधिकाऱ्यांसाठी मेरिटाइम युनियन ऑफ इंडिया. लंडनचा आयटीएफ हा वाहतूक कामगारांचा जागतिक महासंघ 1896 पासूनचा, आणि या युनियन त्याला जोडलेल्या आहेत. त्याचे इन्स्पेक्टर जगभरच्या बंदरांत असतात, आपल्या मोठ्या बंदरांतही. तो माणूस जहाजावर येतो, पगाराचा हिशेब मांडतो आणि मालकाच्या एजंटला फोन लावतो. अनेकदा थकलेले पैसे जहाज बंदरातून सुटायच्या आत हातात पडतात. ज्या जहाजावर आयटीएफला मान्य असा युनियनचा करार आहे, तिथे मुलगा गेला तर निम्मी काळजी कमी. हे एजंटला विचारून बघा, त्याचा चेहरा उत्तर देईल.

मालक जहाज सोडूनच पळाला तर? हेही घडतं. आयटीएफच्या नोंदींनुसार 2024 मध्ये जगात 312 जहाजं अशी वाऱ्यावर सोडली गेली, त्यांवर 3,100 हून जास्त खलाशी होते आणि त्यात सर्वांत जास्त भारतीय. यासाठी सागरी श्रम करारात सुधारणा झाली, ती जानेवारी 2017 पासून लागू आहे. दोन महिने पगार थकला, किंवा अन्न-पाणी-डिझेल बंद केलं, किंवा घरी पाठवायला नकार दिला, तर त्या खलाशाला सोडून दिलं असं धरलं जातं. त्यासाठी मालकाला आधीच विमा उतरवून ठेवावा लागतो. हा विमा बहुधा पी अँड आय क्लबचा, म्हणजे जहाजमालकांनी मिळून चालवलेल्या विमा मंडळाचा, असतो. त्यातून चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार, तोवरचं जेवणखाण आणि घरचं तिकीट मिळतं. या विम्याचं सर्टिफिकेट जहाजावर सगळ्यांना दिसेल असं लावलेलं असतं. मुलगा कधीही, कुठल्याही जहाजावर चढला तर पहिल्याच दिवशी त्याचा फोटो काढून घरी पाठवायला सांगा. “दोन महिने” ही रेघ ध्यानात ठेवा. मुलं सहा-सहा महिने “पुढच्या बंदरात देतो” यावर थांबतात, आणि मग विम्यातून चारच महिन्यांचे मिळतात.

न समजलेल्या कागदावर सही नाही, हेही बजावून ठेवा. इजिप्तमध्ये ‘अमन’ नावाच्या जहाजावरच्या एका सीरियन अधिकाऱ्याने अशाच एका कागदावर सही केली. तो कोर्टाचा होता, त्याने त्याला जहाजाचा कायदेशीर राखणदार केलं होतं. जवळजवळ चार वर्षं तो अडकला, बराच काळ जहाजावर एकटा होता, आणि 2021 मध्ये आयटीएफच्या मदतीने सुटला.

मनाने खचला तर बोलायला माणसंही आहेत. आयस्वान या संस्थेची सीफेअररहेल्प ही फुकट, चोवीस तास चालणारी सेवा खलाशी आणि घरचे दोघांसाठी आहे, वेगवेगळ्या भाषांत बोलणारी माणसं तिथे असतात. मिशन टू सीफेअरर्स आणि स्टेला मारिस या चर्चच्या संस्था बंदरांत जहाजावर येऊन भेटतात, सिमकार्ड देतात, धर्म विचारत नाहीत.

आता वीस हजारांचं. ऑनलाइन गेले आहेत ना, मग आजच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा, जितका उशीर तितकी आशा कमी. एजंटला व्हॉट्सॲपवर, म्हणजे लेखी, पैसे परत मागा. फोनवर भांडू नका. त्याचे सगळे मेसेज, पावती आणि “टुरिस्ट व्हिसा” हा शब्द असलेला स्क्रीनशॉट जपून ठेवा, ते पोलिसांत आणि डीजी शिपिंगच्या तक्रारीला जोडा. वीस हजार बुडाले म्हणून उरलेले चार लाख तीस हजार भरून ते वसूल होत नाहीत, हे तुमच्या यजमानांना तुम्ही नका सांगू, दिरांकडून सांगवा.

आणि मुलाने काय करावं? बसून राहू नये. परवानाधारक कंपन्यांच्या यादीतून दर आठवड्याला थोड्या-थोड्या कंपन्यांना स्वतः अर्ज पाठवावेत. परदेशी जहाजांचाच हट्ट धरू नये. भारतीय झेंड्याच्या किनारी जहाजांवर, ड्रेजरवर, बंदरातल्या टगवर रीतसर मिळालेला समुद्रावरचा काळ पुढच्या परीक्षांना उपयोगी पडू शकतो, आणि काही अडलं तर सगळे कागद आपल्याच देशात. अवंतिका एक्स्प्रेसने एकदा मुंबईला जाऊन नुसीच्या ऑफिसात आणि पाच-सात कंपन्यांत समक्ष भेटून यावं, या धंद्यात चेहरा दिसलेल्या मुलाला बोलावणं येतं. तोवर पीथमपूरला एखाद्या कारखान्यात फिटर किंवा वेल्डरच्या हाताखाली लागावं. इंजिनकडे जायचं असेल तर तो अनुभव वाया जात नाही. त्याच्या वयाची जहाजं अजून सुटलेली नाहीत, पण वर्षभराची मुदत घालून घ्या. तेवढ्यात नाही जमलं तर दुसरी वाट शोधण्यात कमीपणा मानू नये. हे मी जहाजावर आयुष्य काढून सांगतोय.

राहिलं जेवण. एजंट म्हणतो की पगारातून कापतील, ते साफ खोटं. जहाजावर जेवण आणि पिण्याचं पाणी फुकट मिळतं, खलाशांचे धर्म आणि चालीरीती लक्षात घेऊन ते द्यावं असंही करारात आहे. भारतीय क्रू असेल तर डाळ, भात, पोळी, भाजी रोज असते. मिश्र क्रू आणि परदेशी कुक असेल तर ‘व्हेज’ म्हणून उकडलेली भाजी आणि ब्रेड पुढे येतो, चिकनच्या रश्श्यातले तुकडे काढून तोच रस्साही येतो. तेव्हा या रिकाम्या महिन्यांत त्याला कुकर लावायला, वरण फोडणीला टाकायला आणि पोळ्या लाटायला शिकवा. रविवारी गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, शिरायला कुक सहसा नाही म्हणत नाहीत, आणि हिंग-जिरं सोबत द्या, परदेशी बंदरांत हिंग मिळता मिळत नाही.